उलगडा : श्रीसाईसच्चरित, अध्याय २०

मागच्या गुरुवारी रोजच्या वाचनात विसावा अध्याय आला. त्या दिवशी काही लिहिलं नाही, नंतरचे सात दिवसही नाही. वाचन तिथंच थांबलं होतं. काहींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे. एका शब्दापाशी अडकलो होतो, एवढंच.

अध्याय तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दासगणू महाराज ईशावास्य उपनिषदावर मराठीत टीका लिहायला घेतात. उपनिषद अगदी लहान, अठरा मंत्रांचं, शुक्ल यजुर्वेदाच्या चाळिसाव्या अध्यायात येतं. लहान आहे म्हणून सोपं आहे असं मात्र नाही. ओव्या तर झाल्या, पण स्वतःच्या मनाचं समाधान होईना. विद्वानांना विचारून झालं. शेवटी शिर्डीला येऊन बाबांपुढे शंका मांडली. बाबांनी काय सांगावं? परत जाताना पार्ल्याला काकांकडे उतरशील, तेव्हा काकांची मोलकरीण तुझी शंका दूर करील. काका म्हणजे हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित, मुंबईचे नामांकित सॉलिसिटर. (त्यांनी शिर्डीत बांधलेल्या दीक्षित वाड्यात आज संस्थानचं संग्रहालय आहे.) ऐकणाऱ्यांना वाटलं, बाबा चेष्टा करतायत. उपनिषदाचा अर्थ आणि भांडी घासणारी पोर?

ही गोष्ट लिहिताना मी सवयीनं एक वाक्य टाइप केलं : ‘दासगणूंच्या शंकेचा उलगडा कसा झाला ते आज पाहू.’ आणि ‘उलगडा’वर बोट थांबलं. तिथं ‘स्पष्टीकरण’ चाललं असतं का? ‘खुलासा’? ‘उकल’? चाललं नसतं. का नसतं, ते सांगायचा प्रयत्न करतो. त्यासाठी माझ्या घरातली एक गोष्टही सांगावी लागेल. ती सांगावी की नाही यातच आठवडा गेला.

आधी शब्द. आपल्या भाषेत समजावून सांगण्याला किती शब्द आहेत बघा. ऑफिसात ‘खुलासा’ मागवतात, आणि तो मागवला की माणूस घाबरतो. खुलासा म्हणजे आरोप आधीच झालेला आहे, आता बाजू मांडा. ‘स्पष्टीकरण’ही त्याच जातीचं, ‘त्यांनी स्पष्टीकरण दिलं’ असं पेपरात वाचलं की आपण समजतो, काहीतरी गडबड झाली असणार. ‘फोड करून सांगणं’ म्हणजे लाकडाची किंवा फळाची करतात तशी फोड करून हातात देणं. ‘उकल’ शिवणीची. शिवण उकलते तेव्हा दोन तुकडे वेगळे होतात आणि ते कुठं जोडले होते ते दिसतं. कीर्तनात असतं ते ‘निरूपण’. दासगणू स्वतः कीर्तनकार, आयुष्यभर त्यांनी तेच केलं. आणि सगळ्यात घरगुती शब्द ‘समजावणं’. पोराला समजावतात, रुसलेल्या सुनेला समजावतात, हट्टी म्हाताऱ्याला समजावतात. ‘समजूत घालणं’ तर त्याहून पुढचं. त्यात समोरच्याला काही समजायची गरजच नाही, तो गप्प झाला की समजूत पटली.

उलगडा या सगळ्यांत वेगळा. उलगडतं ते कापड. घडी उलगडते, सतरंजी उलगडते, पातळ उलगडतं. कागदाची गुंडाळी उलगडते, कळीची पाकळी उलगडते. उलगडताना आपण त्या वस्तूत बाहेरचं काहीच घालत नाही. जे आत होतं तेच बाहेर येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घडीत काय लपवलंय तेही बाहेर पडतं. कपाटातलं जुनं पातळ झटकलं की मधूनच डांबरगोळी घरंगळते, नाहीतर कुणीतरी कधीतरी ठेवलेली नोट.

व्याकरणातलंही एक बघा. मी इंजिनिअर माणूस, व्याकरणाचा अभ्यास नाही, पण हे कुणालाही तपासता येईल. ‘मी त्याला समजावलं, पण त्याला समजलं नाही’ हे वाक्य मराठीत बिनधास्त चालतं. आमच्या क्षेत्रात तर ते रोज चालतं. कुणी नोकरी सोडून जायला लागला की तो दुसऱ्याला ‘केटी’ देतो, म्हणजे काम समजावून देतो. यादीत टिकमार्क होतो : केटी दिली. पुढच्याच आठवड्यात सिस्टम बंद पडते आणि कुणालाच काही माहीत नसतं. तरी केटी ‘दिलेली’ असते. समजावणं हे समजावणाऱ्याचं काम आहे, त्याचं काम झालं की ते झालं. आता हेच उलगड्याबद्दल म्हणून बघा : ‘मी उलगडलं, पण उलगडलं नाही.’ जमत नाही. घडी एक तर उलगडलेली असते किंवा नसते. शिवाय उलगडा ‘झाला’ असं आपण जास्त म्हणतो. ‘मला उलगडा झाला.’ झाला तो मला. केला कुणी, ते वाक्यात बहुतेक वेळा नसतंच.

इंग्रजीतला ‘एक्सप्लेन’ हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ सपाट करणं, समतल करणं. त्यांच्याकडेच ‘एक्सप्लिकेट’ असा दुसरा शब्द आहे, त्याच्या मुळाशी मात्र घडी उलगडणंच आहे. म्हणजे दोन प्रकार तिकडेही आहेत : एक जमीन सपाट करणारा, एक घडी उघडणारा. मला वाटतं, मी नोकरीत आणि घरात आजवर पहिलाच प्रकार करत आलो. ‘सोपं करून सांगतो’ असं म्हणायचं आणि सगळे चढउतार बुलडोझरनं काढून टाकायचे.

आता घरची गोष्ट.

आमचे आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. राहात्याच्या शिवारात आमची वडिलोपार्जित पेरूची बाग आहे, साठ गुंठे. राहात्याचा पेरू नावाजलेला, पण बाग आता जुनी झालीय आणि आप्पांनंतर तिच्याकडे बघायला कुणी नाही. मी आठवड्यातले तीन दिवस पुण्यात, बाकीचे दिवस शिर्डीतून लॅपटॉपवर. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तीन नावं लागली : आईचं, ताईचं, माझं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, येवल्यात दिलेली.

आमच्याकडे, म्हणजे फक्त आमच्या घरात नाही, सगळ्याच भागात, पुढची पायरी ठरलेली असते. बहीण हक्कसोडपत्र करून देते. भाऊ तिला साडीचोळी करतो, माहेर शाबूत राहतं. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ऐकून माहीत असतं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच या दिशेनं पाऊल टाकलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातल्या उरल्यासुरल्या शंकाही मिटवल्या. पण रीत म्हणून रीत असतेच, आणि ती कुणी मोडली की ‘बहिणीनं हिस्सा मागितला’ हे गावभर होतं. ‘भावानं हिस्सा सोडवून घेतला’ हे कधी होत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी ताईला ‘समजावलं’. तोच शब्द आईनं वापरला होता : ‘तू एकदा तिला नीट समजाव.’ मी लॅपटॉप घेऊन गेलो. चार मुद्दे काढले होते. जमीन एका नावावर असली की कागदपत्रं सोपी. बाग काढून काही करायचं तर बँक तीन सह्या मागते. उद्या तुझी मुलं, माझी मुलं, वाद नकोत. आणि आप्पांनी तुझ्या लग्नात केलेला खर्च, तो मी बोललो नाही, पण बोलल्यासारखा केला. ताई मान हलवत होती. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. मी मनात खूश. कामाच्या ठिकाणी प्रेझेंटेशन झाल्यावर एकही प्रश्न आला नाही की आपण समजतो, उत्तम झालं.

आणि शेवटी मी काय केलं असेल? मी तिला पातळाची गोष्ट सांगितली. हीच, विसाव्या अध्यायातली.

ती गोष्ट आता पुन्हा वाचा. दासगणू पार्ल्याला काकांच्या घरी उतरतात. सकाळी गाणं कानावर पडतं. घरातल्या गड्याची बहीण, लहान पोर, भांडी घासता घासता नारिंगी साडीचं कौतुक गातेय : कसा तिचा रंग, कसे काठ. आणि अंगावर मात्र चिंध्या. दासगणूंना वाईट वाटतं. रावबहादूर प्रधान त्यांना धोतरजोडी देतात, तेव्हा ते म्हणतात, या पोरीलाही एक लुगडं द्या. प्रधान चांगलंसं पातळ आणून देतात. दुसऱ्या दिवशी पोर ते नेसून नाचते, फुगड्या घालते, सगळ्या मैत्रिणींच्या वरताण. आणि तिसऱ्या दिवशी? नवं पातळ घरी ठेवून पुन्हा त्याच चिंध्या नेसून येते, आणि तितकीच आनंदात. ते पाहून दासगणूंना उलगडा होतो. नसताना दीन होती, मिळाल्यावर आनंदी झाली. मग असूनही फाटकं नेसलं तरी आनंद तोच राहिला. म्हणजे आनंद पातळात नव्हता. देणारा, देणं आणि घेणारी, सगळं त्या एकानंच व्यापलेलं.

ताईला मी म्हटलं होतं, ‘बघ, शेवटी समाधान मनाचं असतं. मिळालं काय नि नाही काय.’ ताई दरवर्षी पारायण करते, तिला ही गोष्ट माझ्याहून चांगली माहीत. ती हसली. म्हणाली, ‘तू म्हणतो तर बरोबरच असेल.’ तारीख ठरली, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाचा टोकन नंबर घेतला, मसुदा तयार झाला. या सगळ्या मसुद्यांच्या शेवटी एक ठरलेला जोडशब्द असतो : लिहून देणाऱ्यानं सगळं ‘समजून-उमजून’ लिहून दिलंय. मराठी माणसाला पूर्वीच कळलं होतं की नुसतं समजून भागत नाही, उमजावं लागतं. म्हणून दोन्ही शब्द घातले. पण तपासतं कोण?

मागच्या गुरुवारी अध्याय वाचताना तीन गोष्टी ध्यानात आल्या. एकदम नाही, हळूहळू आल्या, आणि तिसरी तर नकोशीच होती.

पहिली अशी की त्या पोरीनं काहीच समजावलं नाही. बाबांनीही समजावलं नाही. बाबांनी फक्त कुठं बघायचं ते सांगितलं. उपनिषदाच्या पहिल्या शब्दातच कापड आहे हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. ‘ईशावास्य’मधलं ‘वास्य’ वस् धातूपासून. त्याचा एक अर्थ राहणं आणि दुसरा पांघरणं, नेसणं. ‘वस्त्र’ हा शब्द त्याच दुसऱ्या वस्‌पासून येतो. शंकराचार्य हा पांघरण्याचाच अर्थ घेतात : हे सगळं जग ईश्वरानं झाकून टाकायचं, म्हणजे तसं बघायचं. आता इथं अडखळायला होतं, उपनिषद झाकायला सांगतं आणि मी उघडण्याचं कौतुक करतोय. पण आचार्यांचं उदाहरण बघा. चंदनाचं खोड पाण्यात राहून त्याला घाण वास लागला, तर ते घासल्यावर त्याच्या स्वतःच्या सुवासानं तो वास झाकला जातो. बाहेरून अत्तर ओतलेलं नाही. जे आतलं होतं ते वर आलं. कापडाच्या कोड्याचं उत्तर बाबांनी कापडानंच दिलं, आणि तेही सॉलिसिटरच्या घरात, जिथं शब्दांचा कीस काढणारे रोज बसत असतील.

दुसरी गोष्ट एकोणचाळिसाव्या अध्यायातली. पन्नासाव्यात पुन्हा तोच विषय येतो. नानासाहेब चांदोरकर, सरकारी अधिकारी, वेदान्त वाचलेले, बाबांचे पाय चेपता चेपता गीतेतला श्लोक पुटपुटत होते, चौथ्या अध्यायातला चौतिसावा. बाबा म्हणाले, मोठ्यानं म्हण, आणि अर्थ सांग. नानांनी सांगितला. मग बाबांनी एकेक शब्द धरला. प्रणिपात म्हणजे काय? नुसता नमस्कार? परिप्रश्न म्हणजे काय? नुसता प्रश्न? मग ‘परि’ कशाला? सेवा म्हणजे? नाना अर्थ सांगत गेले आणि बाबा विचारत गेले, आणि समजावणाऱ्याचीच घडी उलगडत गेली. शेवटी तर बाबांनी ‘ज्ञान’च्या जागी ‘अज्ञान’ वाचायला लावलं : ज्ञान द्यावं लागत नाही, ते असतंच. ज्याचं विवरण करायचं ते अज्ञानाचं, त्यावर पडलेल्या आवरणाचं. पंडितांनी यावर पुढं बरीच चर्चा केली, त्यात मला पडायचं नाही. मला लागला तो ‘परिप्रश्न’. चहूबाजूंनी विचारणं. ऐकणाऱ्याला चहूबाजूंनी विचारायला जागा पाहिजे. ताईला मी ती ठेवलीच नव्हती. चार मुद्दे असे बांधले होते की पाचवा उठूच नये.

हे लिहिताना येवल्यातलं एक दुकान डोळ्यांसमोर आलं. बायकोसाठी पैठणी घ्यायला गेलो होतो, ताई बरोबर होती. येवल्यात गादीवर बसल्यावर दुकानदार एकावर एक पैठण्या उलगडत जातो. हातासरशी घडी सुटते आणि पदर मांडीवर येऊन पडतो. मी रंग बघत होतो. ताई प्रत्येक पदर उलटा करत होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ‘हातमागाची खरी पैठणी मागून पण पुढच्यासारखीच दिसते. मागं दोरे लोंबत असले तर समजायचं.’ दुकानदार हसून म्हणाला, ताईंना फसवता येणार नाही.

ताईंना फसवता येणार नाही. हातात आलेला प्रत्येक पदर उलटून बघणारी बाई मी ठेवलेला एकही कागद न उलटता सही करायला तयार झाली होती. कारण समोर दुकानदार नव्हता, भाऊ होता.

तिसरी गोष्ट या मागच्या बाजूचीच. शिर्डीच्या आसपास जमिनीचं काय झालंय ते इथल्या माणसाला सांगायला नको. २०१७ च्या ऑक्टोबरात काकडीला विमानतळ सुरू झालं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला. आमची बाग रस्त्याला लागून आहे. प्लॉटिंग करणाऱ्या एकानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकला होता, ताईकडं जायच्या तीन आठवडे आधी. तो आकडा माझ्या चार मुद्द्यांत नव्हता. मी खोटं एकही वाक्य बोललो नाही. बँक खरंच तीन सह्या मागते. वाद खरंच होतात. मी फक्त घडी पूर्ण उलगडली नाही, दोन पदर आत ठेवले. एकात आकडा होता. दुसऱ्यात माझा पुण्याचा फ्लॅट, त्याचे हप्ते आणि आयटीत सध्या वाहणारे वारे, ज्यामुळं रात्री तीन वाजता मला जाग येते.

आणि ईशावास्याचा पहिलाच मंत्र संपतो कुठं? कुणाच्याही धनाची हाव धरू नको, इथं. मी ती गोष्ट दहा वेळा लिहिली, चार ठिकाणी सांगितली, आणि मंत्राचा शेवट दर वेळी चिंध्या नेसलेल्या पोरीला लावला. तिनं हाव धरली नाही, म्हणून ती थोर. पण बाबांनी तिला कुठं काय सांगितलं होतं? निरोप तिच्यासाठी नव्हताच. निरोप दासगणूंना होता, ज्यांच्या हातात लेखणी होती. आणि क्रमही बघा, दासगणूंनी चिंध्या पाहिल्या तेव्हा ‘वा, काय हे समाधान’ असं म्हटलं नाही. आधी पातळ मागितलं. पातळ तिच्या हातात पडलं, तिचं झालं. मग ते नेसायचं की पेटीत ठेवायचं हे तिनं ठरवलं. तिसऱ्या दिवशीच्या चिंध्यांना अर्थ आला तो दुसऱ्या दिवशीच्या पातळामुळं. पातळ दिलंच नसतं तर ती नुसती गरिबी होती. मी ताईला दुसरा दिवस वगळून तिसऱ्या दिवशीचं समाधान शिकवत होतो.

रविवारी येवल्याला गेलो. लॅपटॉप नेला नाही. सातबारा, फेरफार, हक्कसोडपत्राचा मसुदा, आणि त्या माणसानं पाठवलेल्या आकड्याची छापील प्रत, असं सगळं पिशवीत घालून नेलं. कॉटवर एकेक कागद उलगडून ठेवला. आकडा सांगितला. ही सही एकदा नोंदवली गेली की तुला एकटीला ती मागं घेता येणार नाही, हे सांगितलं. तुझा हिस्सा माझ्याइतकाच आहे, ठेवायचा की सोडायचा की पैशात घ्यायचा, तिन्ही रस्ते आहेत, हेही सांगितलं. फ्लॅटचे हप्ते सांगितले. ते सांगताना आवाज थोडा पडला, आणि लगेच वाटलं, हीसुद्धा एक युक्ती तर नाही ना? तिला दया यावी म्हणून? खरं सांगायचं तर असेलही. दाजी आतल्या खोलीत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

ताईनं कागद हातात घेतले, एकेक उलटून पाहिला. मागं काही छापलेलं नव्हतं, तरी पाहिला. मग विचारलं, ‘हा आकडा तुला तेव्हा माहीत होता?’

‘हो.’

‘आईला?’

‘नाही.’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग त्या दिवशी पातळाची गोष्ट मला का सांगितली?’

माझ्याकडं स्पष्टीकरण होतं. दोनतीन होती. गाडी चालवताना तयारही केली होती. पण तिनं विचारलं तेव्हा एकही तोंडातून निघालं नाही. मी कॉटच्या चादरीकडं बघत बसलो.

तिनं चहा केला. पोरांच्या शाळेचं बोलली, दाजींच्या गुडघ्याचं बोलली. निघताना मी कागद गोळा करायला लागलो तर म्हणाली, ‘राहू दे इथंच. मी वाचते सगळे. मग फोन करते.’ त्यांची घडी तिनं स्वतः घातली आणि देवघराच्या खालच्या फळीवर, पोथीशेजारी ठेवली.

ती काय ठरवेल ते मला माहीत नाही. तिनं हिस्सा ठेवला तर माझं गणित बिघडणार आहे, आणि ते बिघडू नये असं अजूनही वाटतं. हे लपवत नाही. कोपरगाववरून येताना दोनदा मनात आलं की आठ दिवस थांबलो असतो तर सही झालीच होती. टोकन रद्द केलं आहे.

घरी आलो तेव्हा आई ओट्यापाशी होती. मागं न वळता तिनं विचारलं, ‘समजावलं का रे तिला?’

मी म्हटलं, ‘नाही. हात धू आणि बस जरा, तुलाही दाखवायचंय.’

उद्यापासून वाचन पुन्हा सुरू, अध्याय एकविसावा. ॐ साईराम.